देवडीत अडकलेलं औषध

१९९९ सालच्या सप्टेंबरमध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात उंदराच्या मेंदूच्या कापांचे फोटो छापून आले. काप निळे दिसत होते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टीव्हन डाउडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पोटात एका मोठ्या प्रथिनाचं इंजेक्शन दिलं होतं. त्याचं नाव बीटा-गॅलॅक्टोसिडेझ. हे एन्झाइम जिथे असेल तिथे एक ठरावीक रसायन टाकलं की निळा रंग उमटतो. म्हणजे जिथे निळं, तिथे प्रथिन पोचलं. आणि ते यकृतात, मूत्रपिंडात, हृदयात आणि चक्क मेंदूतही पोचलेलं दिसत होतं.

यात आश्चर्य कसलं, असं आपल्याला वाटेल. औषध टोचलं की ते शरीरभर जाणारच ना? पण हे प्रथिन होतं साधारण १,२०,००० डाल्टन वजनाचं. पॅरासिटामॉलचा रेणू १५१ डाल्टनचा असतो. शिवाय रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं, यावर शरीराचा अतिशय कडक पहारा असतो. एवढं अजस्र प्रथिन तिथे जातं, पेशीच्या आत शिरतं आणि वर आपलं कामही करतं, हे त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत बसणारं नव्हतं.

प्रथिनात बदल केला होता तो एवढाच: त्याला ११ अमिनो आम्लांचं एक छोटं शेपूट जोडलं होतं. ते शेपूट आलं होतं एचआयव्हीच्या विषाणूकडून.

या शेपटासारख्या तुकड्यांना आज सेल-पेनिट्रेटिंग पेप्टाइड म्हणतात. पेशीत घुसणारी पेप्टाइडं. आपण त्यांना घुसखोर पेप्टाइडं म्हणू. त्यांच्या इतिहासात अपघाताने लागलेले शोध आहेत, जगभर पसरलेला उत्साह आहे, एक मोठी चूक आहे आणि ती चूक स्वतः कबूल करणारी माणसंही आहेत.

भिंत

आधी भिंतीबद्दल. १९२५ साली नेदरलँड्समध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधली सगळी चरबी बाहेर काढली आणि ती पाण्यावर एका रेणूच्या जाडीच्या थरात पसरवली. या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. त्यांनी निष्कर्ष काढला की पेशीभोवती चरबीचे दोन थर असतात, पाठीला पाठ लावून. गंमत म्हणजे त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पेशीचा पृष्ठभागही कमी मोजला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढलं आणि उत्तर बरोबर आलं. विज्ञानात नशिबाची साथ अशीही असते. पुढे आपल्याला उलटं उदाहरण भेटणार आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

ही भिंत जेमतेम काही नॅनोमीटर जाडीची असते, पण पार करायला अवघड. मधला भाग तेलकट असल्यामुळे छोटे आणि थोडेफार तेलात मिसळणारे रेणू आरपार जातात. मोठे किंवा विद्युतभार असलेले रेणू बाहेरच राहतात. १९९७ साली फायझर कंपनीतल्या ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी गोळीच्या रूपात चालणाऱ्या औषधांसाठी काही ढोबळ नियम मांडले. त्यातला एक असा की रेणू ५०० डाल्टनपेक्षा जड असेल तर तो शरीरात नीट शोषला जाण्याची शक्यता कमी.

मग इन्सुलिन कसं चालतं? ते तर ५,८०० डाल्टनच्या आसपास आहे. उत्तर असं की एक तर ते गोळीतून देत नाहीत, टोचतात, आणि दुसरं म्हणजे काम करण्यासाठी त्याला पेशीत शिरावंच लागत नाही. ते दारावरची बेल वाजवतं आणि पुढचं काम पेशी स्वतः करते. कॅन्सरवरची अँटिबॉडी औषधंसुद्धा बहुतेक दाराबाहेर उभी राहूनच काम करतात. पण कितीतरी आजारांचं मूळ पेशीच्या आत असतं. तिथे पोचण्यासाठी छोटे रेणू हवेत, आणि छोट्या रेणूला धरायला आतल्या अनेक प्रथिनांवर साधी खाचही नसते. मोठा रेणू तिथे नीट बसेल, पण तो आत जाणार कसा?

तीन अपघात

या प्रश्नाची पहिली चाहूल १९६५ सालची. ह्यूग राइजर आणि रोनाल्ड हॅनकॉक यांनी दाखवलं की हिस्टोन किंवा लायसिनसारख्या धनभारित अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या सोबत दिल्या, तर कॅन्सरच्या पेशी अल्ब्युमिन हे प्रथिन जास्त प्रमाणात आत घेतात. १९७८ साली राइजर यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध अशा साखळीला जोडून पाहिलं. ज्या पेशी या औषधाला दाद देत नव्हत्या, त्यांच्यावरही ते चाललं. पण या निष्कर्षांभोवती तेव्हा मोठं संशोधनक्षेत्र उभं राहिलं नाही.

दुसरा अपघात १९८८ सालचा. एचआयव्हीचा विषाणू सापडून पाचच वर्षं झाली होती आणि त्याच्या प्रत्येक प्रथिनाचा कीस काढणं चालू होतं. त्यातलं एक प्रथिन 'टॅट'. विषाणूची जनुकं जोरात चालू करणं हे त्याचं काम. हे काम पेशीच्या केंद्रकात होतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये अ‍ॅलन फ्रँकेल आणि कार्ल पाबो यांनी शुद्ध टॅट प्रथिन नुसतं पेशींच्या पोषकद्रवात टाकलं. पेशीला भोक पाडलं नाही, विजेचा झटका दिला नाही. तरी आतलं जनुक चालू झालं! त्याच काळात सेंट लुईसमध्ये मॉरिस ग्रीन आणि पॉल लोवेनस्टाइन यांना प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने बनवलेल्या टॅटबाबत हेच दिसलं. दोन्ही शोधनिबंध 'सेल' या नियतकालिकाच्या डिसेंबर १९८८च्या एकाच अंकात आले.

फ्रँकेल आणि पाबो यांच्या निबंधात आणखी एक गोष्ट होती. क्लोरोक्विन सोबत दिलं की टॅटचा परिणाम कितीतरी पटींनी वाढायचा. क्लोरोक्विन म्हणजे आपल्याकडे मलेरियासाठी घरोघरी माहीत असलेली कडू गोळी. ती पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशव्यांची आम्लता कमी करते. टॅट तिथे पचून नष्ट होत असावं आणि क्लोरोक्विन त्याला वाचवत असावं, असा अंदाज त्यांनी मांडला. हा धागा आपण इथेच ठेवू. पुढे बऱ्याच जणांनी तो हातातून सोडला, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला.

तिसरा अपघात पॅरिसमधला, आणि त्याच्या मुळाशी आहे एक माशी. फळांवर बसणाऱ्या माशीत 'अँटेनापीडिया' नावाचं एक जनुक असतं. ते चुकीच्या जागी चालू झालं तर माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवतात. या जनुकाच्या प्रथिनाचा ६० अमिनो आम्लांचा एक भाग डीएनएला चिकटतो. अलेन प्रोशियांट्झ यांच्या गटाला बघायचं होतं की हा भाग चेतापेशीत घातला तर तिच्या वाढीवर काय परिणाम होतो. त्यासाठी पेशीला इजा करून तो आत ढकलायचा बेत होता. तुलनेसाठी काही पेशींना इजा न करता प्रथिन नुसतं बाहेर टाकलं. अशा तुलनेच्या पेशींत काहीच घडू नये अशी अपेक्षा असते. इथे मात्र प्रथिन त्यांच्याही आत, थेट केंद्रकात, जाऊन बसलेलं दिसलं. हा निबंध १९९१ साली आला. १९९४ साली याच गटाने दाखवलं की पूर्ण ६० अमिनो आम्लांची गरज नाही, १६ पुरेशी आहेत. या १६ जणांच्या टोळीला नाव मिळालं 'पेनिट्रॅटिन'.

सोन्याचे दिवस

१९९४ साली बायोजेन कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी टॅटचा तुकडा जोडून दुसरी प्रथिनं पेशींत नेऊन दाखवली. १९९७ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे एरिक व्हिव्हेस आणि बर्नार्ड लेब्ल्यू यांनी टॅट छाटत छाटत त्यातला नेमका घुसखोर भाग वेगळा काढला. त्याच वर्षी नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूच्या व्हीपी२२ या प्रथिनाबद्दल बातमी आली की ते एका पेशीतून शेजारच्या पेशींच्या केंद्रकात जातं. १९९८ साली स्टॉकहोममध्ये यूलो लांगेल यांच्या गटाने 'ट्रान्सपोर्टान' बनवलं. त्याचं एक टोक मेंदूतल्या गॅलॅनिन या रेणूकडून घेतलेलं, दुसरं गांधीलमाशीच्या विषातून. विषाणू, माशी, गांधीलमाशी: निसर्गात जणू पेशीच्या किल्ल्या जागोजागी पडलेल्या होत्या.

या किल्ल्यांमध्ये समान काय होतं? धनभार. टॅटच्या मुख्य नऊ अमिनो आम्लांपैकी आठ धनभारित आहेत, सहा आर्जिनिन आणि दोन लायसिन. पेशीच्या पृष्ठभागावर ऋणभारित साखरेच्या साखळ्या लोंबत असतात, त्यांना ही पेप्टाइडं लोहचुंबकासारखी चिकटतात. २००० साली स्टॅनफर्डमध्ये पॉल वेंडर यांच्या गटाने दाखवलं की नुसत्या नऊ आर्जिनिनची माळ केली तरी ती टॅटपेक्षा चांगली आत जाते. म्हणजे विषाणूची कारागिरी सोडून दिली तरी चालतं, भार आणि त्याची मांडणी महत्त्वाची.

पण चिकटल्यानंतर आत कशी जातात? इथे एक धक्कादायक दावा प्रचलित झाला होता. पेशी बाहेरच्या गोष्टी आत घेते तेव्हा तिचं आवरण आत वळतं, त्याची पिशवी होते आणि ती आत ओढली जाते. या कामाला ऊर्जा लागते आणि तापमान चार अंशांवर आणलं की हे काम जवळपास थांबतं. पण ही पेप्टाइडं चार अंशांवरही आत जाताना दिसत होती. त्यांना विशिष्ट ग्राहक रेणूही लागत नव्हता. पेनिट्रॅटिनची क्रमवारी उलटी केली किंवा त्याचं आरशातलं प्रतिबिंब वापरलं तरी ते जात होतं. म्हणून निष्कर्ष निघाला की ही पेप्टाइडं पिशवीत बसून जात नाहीत. ती भिंतीतूनच थेट, फुकटात, काही मिनिटांत आरपार जातात.

आणि मग आले १९९९चे निळे उंदीर. त्यानंतर सगळीकडे झुंबड उडाली. कुणी कॅन्सरच्या पेशींना मरण्याची सूचना देणारी प्रथिनं टॅटला जोडली, कुणी आनुवंशिक आजारांत कमी पडणारी एन्झाइमं. कंपन्या निघाल्या. वेंडर यांच्या कामाशी जोडलेल्या सेलगेट या कंपनीने सात आर्जिनिनची माळ सायक्लोस्पोरिनला जोडून सोरायसिससाठी त्वचेवर लावायचं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेलं.

बघण्यातली चूक

सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी पेशी बऱ्याचदा 'फिक्स' करतात. म्हणजे मेथॅनॉल किंवा फॉर्माल्डिहाइड वापरून त्यांना आहे त्या स्थितीत गोठवतात. पेप्टाइडला चमकणारा रंग जोडायचा, पेशींवर टाकायचं, धुवायचं, फिक्स करायचं आणि बघायचं. केंद्रक चमकतंय? म्हणजे पेप्टाइड केंद्रकात गेलं. शेकडो प्रयोग अशा पद्धतीने झाले.

२००१ साली स्वीडनमध्ये लुंडबर्ग आणि योहान्सन यांनी व्हीपी२२बद्दल विचारलं: हे खरंच जिवंत पेशीच्या केंद्रकात जातं, की फिक्स करताना जातं? कारण फिक्स करणारी रसायनं पेशीचं आवरणच फोडतात. बाहेर चिकटून बसलेलं धनभारित प्रथिन मग आत ओघळतं आणि ऋणभारित डीएनएकडे, म्हणजे केंद्रकाकडे, खेचलं जातं. आपण बघायला गेलो म्हणून ते तिथे गेलं!

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बायोलॉजी दहावीनंतर सुटली, पण हे वाचताना मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे काही बग असे असतात की त्यांना शोधायला डीबगर लावला की प्रोग्रॅमचं वागणंच बदलतं. आपण नोंदी बघून एक सिद्धांत रचतो, तीन दिवस घालवतो आणि शेवटी कळतं की नोंद करणाऱ्या ओळीनेच गोंधळ घातला होता. आमचे तीन दिवस जातात. इथे एका अख्ख्या क्षेत्राचा सुमारे दशकभराचा पाया हलला.

२००३ साली टॅट आणि नऊ आर्जिनिनच्या माळेची सविस्तर फेरतपासणी प्रसिद्ध झाली. त्यात फिक्स न केलेल्या, जिवंत पेशी बघितल्या होत्या. केंद्रक चमकत नव्हतं. चमक होती ती केंद्रकाबाहेर, छोट्या छोट्या ठिपक्यांमध्ये. म्हणजे पेप्टाइड पिशव्यांमध्ये बंद होतं. दुसरी गोष्ट म्हणजे नुसतं धुऊन बाहेर चिकटलेलं पेप्टाइड निघतच नव्हतं. पेशींना ट्रिप्सिन या एन्झाइमने खरवडलं तेव्हा कुठे ते निघालं. ते निघाल्यावर चार अंशांवरचा तो चमत्कारही ओसरला. तापमान उतरवलं की आत जाणं घटत होतं. पेप्टाइड फुकटात आरपार जात नव्हतं. पेशीच त्याला पिशवीत घालून आत घेत होती.

या निबंधाच्या लेखकांमध्ये दोन नावं ओळखीची होती: व्हिव्हेस आणि लेब्ल्यू. म्हणजे १९९७ साली टॅटचा घुसखोर भाग शोधणारेच. आपल्याला नाव मिळवून देणाऱ्या कामात बघण्याची पद्धतच फसवी होती, हे त्यांनी स्वतः लिहून छापलं. पुढच्या वर्षी डाउडी यांच्या गटानेही दाखवलं की टॅटला जोडलेली प्रथिनं मॅक्रोपिनोसायटोसिस या मार्गाने, म्हणजे पेशी बाहेरच्या द्रवाचे मोठाले घोट घेते त्या मार्गाने, आत जातात.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'आमचं चुकलं' हे वाक्य आपण शास्त्रज्ञांच्या तोंडून फार कमी वेळा ऐकतो, कारण बातमी होते ती निळ्या उंदराची. ठिपक्यांची होत नाही.

देवडी

मग सगळंच खोटं होतं का? नाही, आणि इथेच गोष्ट गुंतागुंतीची होते. फ्रँकेल आणि पाबो यांच्या प्रयोगात जनुक खरोखर चालू झालं होतं. ते फिक्स केलेल्या पेशींचे फोटो बघून ठरवलेलं नव्हतं. थोडं का होईना, टॅट केंद्रकात पोचत होतंच. मग नेमकं काय होत होतं?

जुना वाडा आठवा. मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून वाकून आत शिरलं की लगेच चौक लागत नाही. आधी लागते देवडी, पहारेकऱ्यांची बसायची जागा. दार ओलांडलेला माणूस तांत्रिकदृष्ट्या वाड्यात असतो, पण घरात नसतो. पेशीतल्या त्या पिशव्या म्हणजे एंडोसोम. त्या पेशीची देवडी आहेत. आत आलेला माल तिथे ठेवला जातो, हळूहळू आम्लता वाढते आणि बहुतेक माल पुढे लायसोसोममध्ये जाऊन पचवला जातो. घुसखोर पेप्टाइडं दरवाजा ओलांडतात, यात शंका नाही. अडतात ती देवडीत. तिथून निसटून चौकात पोचतो तो अगदी थोडा वाटा. क्लोरोक्विनचा धागा इथे जुळतो. देवडी बिघडवणारी गोळी दिली की टॅटचा परिणाम वाढत होता, म्हणजे रस्ता देवडीतूनच जात होता. पुरावा १९८८ सालापासून समोर होता.

नंतरच्या काळात चित्र आणखी बारकाईने स्पष्ट झालं. आर्जिनिनच्या माळा जास्त प्रमाणात दिल्या तर जिवंत पेशींतही काही वेळा थेट भिंतीतून जातात, पण कमी प्रमाणात दिल्या तर बहुतेक पिशव्यांतूनच. म्हणजे एकच रस्ता नाही. प्रमाण, पेशीचा प्रकार आणि पाठीवरचं ओझं यांवर ते ठरतं. प्रोशियांट्झ यांचा मूळ मुद्दाही टिकला, वेगळ्या रूपात. अँटेनापीडियाच्या कुळातली काही प्रथिनं निसर्गतःच एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातात. २००८ साली दिसून आलं की ओटीएक्स२ हे असंच एक प्रथिन उंदराच्या डोळ्यातल्या पडद्यापासून मेंदूच्या दृष्टिकेंद्रापर्यंत पोचतं आणि लहानपणी नजर घडण्याचा काळ सुरू करायला मदत करतं.

देवडीचा प्रश्न फक्त पेप्टाइडांचा नाही. कोविडच्या काळात फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशींमधला आरएनए चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून दिला होता. त्या गोळ्याही पिशवीतूनच आत जातात आणि त्यांनाही तिथून सुटावं लागतं. २०१३ सालच्या एका अभ्यासात अशाच चरबीच्या गोळ्यांतून दिलेल्या छोट्या आरएनएपैकी फक्त एक ते दोन टक्के एंडोसोममधून बाहेर पडलेले आढळले. लशीला तेवढं पुरतं, कारण थोडासा संदेश मिळाला तरी पेशी त्यावरून भरपूर प्रथिन बनवते आणि रोगप्रतिकारशक्ती ते आणखी वाढवून घेते. आजारी स्नायूच्या प्रत्येक पेशीत औषध पोचवायचं असेल तर मात्र हा हिशेब परवडत नाही.

माणसांपर्यंत

सोरायसिसचं ते औषध बाजारात आलं नाही. पण दोन प्रयत्न सविस्तर सांगण्यासारखे आहेत.

पहिला कॅनडातला. पक्षाघाताचा झटका आला की मेंदूच्या पेशी एका साखळी प्रक्रियेत मरत जातात. टोरोंटोतले न्यूरोसर्जन मायकल टिमियान्स्की यांच्या गटाने ही साखळी तोडणाऱ्या नऊ अमिनो आम्लांना टॅटचं शेपूट जोडलं. २० अमिनो आम्लांचं हे औषध म्हणजे नेरिनेटाइड. उंदरांत चाललं. २०१२ साली माकडांतही चालल्याचं प्रसिद्ध झालं, आणि प्राण्यांत चालून माणसांत फसलेल्या पक्षाघाताच्या औषधांची लांबलचक यादी बघता ही आशेची बातमी होती. २०२० साली ११०५ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. औषध घेतलेल्यांपैकी ६१.४ टक्के लोक ९० दिवसांनंतर स्वतःचं स्वतः करू शकत होते आणि न घेतलेल्यांपैकी ५९.२ टक्के. फरक नाहीच म्हणायचा.

पण आकडे चाळताना एक गोष्ट दिसली. ज्या रुग्णांना रक्ताची गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज हे नेहमीचं औषध दिलं नव्हतं, त्यांच्यात नेरिनेटाइडचा फायदा झालेला दिसत होता. कारणही पटण्यासारखं होतं. अल्टेप्लेजमुळे शरीरात प्लाझ्मिन तयार होतं, आणि प्लाझ्मिन प्रथिनांना नेमकं आर्जिनिन आणि लायसिनपाशी कापतं. टॅटचं शेपूट म्हणजे तर आर्जिनिन आणि लायसिनच! जे भांडवल त्याला आत नेणार, तेच त्याचा घात करत होतं. मग अल्टेप्लेज न घेतलेल्या रुग्णांवर नवी मोठी चाचणी झाली. तिच्यातही फायदा दिसला नाही. कारण कितीही पटण्यासारखं असलं तरी मागे वळून काढलेल्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

दुसरा प्रयत्न डुशेन या आजारासाठीचा. यात मुलग्यांच्या स्नायूंना डिस्ट्रोफिन हे प्रथिन बनवता येत नाही. पाचसहा वर्षांचा मुलगा जिना चढताना थकतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकतो आणि किशोरवयात बहुधा व्हीलचेअरवर येतो. काही मुलांमध्ये जनुकातला बिघडलेला भाग वगळून उरलेल्या भागातून आखूड पण कामचलाऊ प्रथिन बनवता येतं. त्यासाठी डीएनएसारख्या रेणूचा एक छोटा तुकडा स्नायूपेशीच्या केंद्रकात पोचावा लागतो. असं एटेप्लिरसेन हे औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं. पण त्याचा बराचसा भाग मूत्रपिंडावाटे वाहून जातो आणि स्नायूत पोचतो तो थोडाच. अशा ठिकाणी घुसखोर पेप्टाइड जोडणं हा सरळ उपाय. सारेप्टा या कंपनीने तसं केलं. रुग्णांमध्ये डिस्ट्रोफिन जास्त बनताना दिसलं. पण रक्तातलं मॅग्नेशियम घसरू लागलं, आणि २०२४च्या अखेरीस कंपनीने ते औषध पुढे नेणं थांबवलं.

ज्या आईबापांची मुलं अशा चाचण्यांत असतात, त्यांच्यासाठी 'एंडोसोममधून सुटणारा वाटा' ही तांत्रिक बाब नसते. तो वाटा कमी म्हणून औषध जास्त द्यावं लागतं, आणि जास्त दिलं की त्रास होतो. देवडीतून बाहेर पडण्याचं प्रमाण काही पटींनी वाढवता आलं, तर डोस तितका खाली आणता येईल. म्हणून आज या क्षेत्रातलं बरंच काम आत कसं शिरायचं यापेक्षा तिथून बाहेर कसं पडायचं यावर चाललं आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातले देहुआ पेई यांनी साखळीची टोकं जोडून चक्राकार पेप्टाइडं बनवली, ती देवडीतून जास्त प्रमाणात निसटतात. इतर काही जण एंडोसोम फोडणारे तुकडे सोबत जोडून बघताहेत. आणि आता साधारण कुणीही जिवंत पेशी बघितल्याशिवाय दावा करत नाही.

शेवटी बाजारात

या सगळ्यात टॅटचं शेपूट बाजारात पोचलं का? पोचलं. पक्षाघातासाठी नाही आणि डुशेनसाठीही नाही.

बोटॉक्सचं नाव आपण ऐकलेलं असतं. अमेरिकेतल्या रेव्हान्स या कंपनीला तसंच बोट्युलिनम विष सुईशिवाय, त्वचेवर मलमासारखं लावून आत पोचवायचं होतं. त्यासाठी त्यांनी घुसखोर पेप्टाइडाचा आधार घेतला. २०१६ साली ते मलम मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं. पण त्यांचं पेप्टाइड इंजेक्शनच्या बाटलीत उपयोगी पडलं. ते विषाच्या रेणूला धरून ठेवतं आणि स्थिर ठेवतं. हे इंजेक्शन सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, भुवयांच्या मधल्या आठ्या घालवण्यासाठी. त्यातल्या ३५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडच्या मधोमध १५ लायसिन आहेत आणि दोन्ही टोकांना टॅटचा तो तुकडा आहे.

म्हणजे एचआयव्हीच्या विषाणूत सापडलेली ती अक्षरं आज खरोखर माणसांना टोचली जातात. पेशीत घुसणं हे तिथे त्यांचं काम नाही. त्यांचा चिकटपणाच तेवढा वापरला जातो.

हे वाचून पहिल्यांदा मला हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं. आता वाटतं की यात काही विपरीत नाही. बाटलीतलं विष टिकवणं हा सोपा प्रश्न होता, तो आधी सुटला. स्नायूच्या पेशीची देवडी हा अवघड प्रश्न आहे आणि तो अजून तिथेच आहे. फरक इतकाच की १९९९ साली आपल्याला वाटत होतं की अडचण दारापाशी आहे आणि ती सुटली. आज अडचण नेमकी कुठे आहे हे तरी माहीत आहे. ते कळलं, कारण माँपेलिएतल्या काही लोकांनी आपल्याच जुन्या फोटोंवर शंका घेतली आणि पेशी न मारता पुन्हा एकदा बघितलं.